दुसरा डोळा

ओसाकातला निकाल लागला. साहेब पुन्हा खासदार झाले, आणि कार्यकर्त्यांनी लाल दारुमा बाहुला समोर आणला. एक डोळा उमेदवारी भरताना रंगवलेला. दुसरा जिंकल्यावर रंगवायचा.

हा बाहुला दर वेळी सेक्रेटरी कुबोता धरायचा. साहेब मंत्री असताना लाचेचं प्रकरण बाहेर आलं, तेव्हा साहेबांचा गुन्हा त्याने अंगावर घेतला. तो आता तुरुंगात होता.

आज त्याची बायको पुढे झाली. साहेबांना तिच्याकडे बघवेना.

"तुम्ही कशाला त्रास घेतलात?"

"ह्यांनीच पाठवलंय. म्हणाले, डोळा रंगवताना साहेबांचा हात थरथरतो, बाहुला घट्ट धर."

तिने बाहुला छातीशी धरला. साहेबांनी शाईत बुडवलेला ब्रश उचलला. हात जराही थरथरत नव्हता.

तो थरथरावा म्हणून ते थांबून राहिले.