मागच्या बाकावरचा फोन

"आजपासून देवाचा शब्द अँडीजचे कडे ओलांडून आजाऱ्यांच्या उशाशी पोचेल!" पाद्रे एव्हारिस्तोंनी चर्चमध्ये भर मिस्सेच्या प्रार्थनेत जाहीर केलं आणि पहिलं प्रवचन म्हणून सगळ्यांच्या फोनवर चुकून स्वतःच्या अंगठ्याचं चित्रण पाठवलं. पुढच्या रविवारपासून प्रवचन टिपायला त्यांचा फोन मागच्या बाकावर उभा राहू लागला. खुबा मोडून घरी पडलेली म्हातारी एदुविना, जिला सगळे आदराने दोन्या म्हणत, त्यांचं प्रवचन पुन्हा पुन्हा ऐकते, हे कळल्यावर तर पाद्रे इतके फुलले, की शब्दन्‌शब्द पोचावा म्हणून त्यांनी फोन थेट वेदीवर नेला.

एदुविनाने ऐकणंच सोडलं. पाद्रे धावत तिच्या घरी गेले.

"दोन्या, माझा आवाज येत नाही का?"

"येतो की! दुसरं काहीच येत नाही आता."

"दुसरं काय यायला हवं?"

"मागच्या बाकावर बसते ना, ती ओफेलिया. तुमचं प्रवचन सुरू झालं, की ती फोनपाशी वाकून मला गावातलं सगळं सांगायची."

"मला वाटलं, ती प्रार्थना करते!"

"निकानोरच्या मुलीचं लग्न मोडायला आलं होतं, नेमका तेव्हाच तुम्ही फोन उचलून नेलात."

पाद्रेंनी खिशातला फोन काढून त्याच्याकडे पाहिलं.

"फोन मागे ठेवा, पाद्रे," ती म्हणाली. "आणि तुम्ही जरा हळू बोलत जा."