घडीचं गाणं

'साहित्यप्रकार ओळखा आणि कारण द्या,' असं बाईंनी फळ्यावर लिहिलं आणि त्याखाली कविता उतरवली. पाहुणे म्हणून आलेले कवी खुर्चीत बसून, आपलीच कविता परक्या अक्षरात उमटताना कौतुकानं बघत होते.

आभाळ धर गं टोकाला, टोक मिळव टोकाला
अर्धं तुझं, अर्धं माझं
ये जवळ
घे

पाठ्यपुस्तकात अशी पाच कडवी होती. वर कवींचं नाव, बाजूला फोटो. आज शेजारच्या खुर्चीत पाठ्यपुस्तक मंडळाचे अधिकारीही बसले होते. नवी आवृत्ती छापायला जायची होती, आणि बाईंनीच पत्र धाडून दोघांना एकाच दिवशी वर्गात बोलावलं होतं.

पहिल्या बाकावरची मुलगी उभी राहिली. "मुक्तछंद. कारण ओळींची लांबी सारखी नाही."

"शाब्बास," कवी म्हणाले. "ओळ निम्मी होते, मग आणखी निम्मी. भाषा मौनाकडे चाललीय. 'ये जवळ' ही प्रेयसीला घातलेली साद. एका पहाटे सुचली मला ही कविता. जशीच्या तशी. एक शब्द बदलावा लागला नाही."

"नसेलच लागला," बाई म्हणाल्या आणि हसल्या. वर्गाला ते हसू नवीन होतं. कुणीतरी चुळबुळलं.

"मावशी, या पुढे," बाईंनी हाक दिली.

शेवटच्या बाकावरून एक म्हातारी उठली. सकाळी पोरांनी तिची टर उडवून पाहिली होती. "आजी, रोल नंबर काय तुमचा?" "तुझ्या बापाच्या आधीचा," ती म्हणाली होती. तिनं पिशवीतून पांढरी चादर काढली. दवाखान्यातली, जाड, एकट्यादुकट्याला न आवरणारी.

"ओळखलंत का, धाकटे मालक?"

कवींचा हात चष्म्याकडे गेला. "तुम्ही... आपल्या लॉन्ड्रीत..."

"आपल्या कुठल्या? तुमच्या. तुम्ही काचेच्या खोलीत अभ्यास करायचात. आम्ही बाहेर चादरींच्या घड्या घालायचो. मी आणि या बाईंची आई. समोरासमोर, बावीस वर्षं."

बाई जागच्या हलल्या नाहीत. गेल्या वर्षी त्यांनी हीच कविता आईच्या उशाशी बसून वाचली होती. आईनं पाचही कडवी ऐकली, फोटो निरखला, "मालकांचा पोरगा बरा मोठा झाला," म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर जाईपर्यंत तिनं साधं गुणगुणलंही नाही.

"हे पाहा," कवी वर्गाकडे वळून म्हणाले, "शब्द काय, हवेतच असतात. लहानपणी काही कानावर पडलंही असेल. पण आकार? आकार माझा."

"बरं. आकार तुमचा. मग धरा," मावशी म्हणाली आणि चादरीची दोन टोकं तिनं त्यांच्या हातात दिली. आपली दोन घेऊन ती मागं मागं फळ्यापर्यंत गेली. कवींची पाठ आता वर्गाकडे होती.

मावशी गाऊ लागली. आवाज चिरका, पण ताल पक्का. 'टोक मिळव टोकाला' म्हणताच तिच्या मनगटांनी टोकाला टोक भिडवलं, चादर फाटकन ताणली गेली. कवींनी बघून बघून तसंच केलं. 'अर्धं तुझं, अर्धं माझं' म्हणताना चादर पुन्हा निम्मी झाली. कवींना उशीर झाला. मागून खुसखुस ऐकू आली.

पहिल्या बाकावरची मुलगी न विचारता उभी राहिली. "बाई! ओळ चादरीएवढी आहे!"

मावशी थांबली. "आता तिसरी. सांगा मालक, 'ये जवळ' कुणी कुणाला म्हणायचं?"

कवींनी फळ्यावरच्या ओळीकडे पाहिलं.

"आमच्यातल्या एकीची पाठ भट्टीकडे असायची. भाजायची हो. समोरचीनं तिला म्हणायचं, ये जवळ. म्हणजे घडी घालण्याच्या निमित्तानं ती चार पावलं तरी आचेपासून सुटायची. पुढच्या चादरीला जागा बदलायच्या. शब्द हिच्या आईनं जुळवले. माझी पाठ सोलली होती तेव्हा."

मग कुठून तरी खोडरबराचा आवाज आला. दुसऱ्या बाकावरून, तिसऱ्या बाकावरून. मुलं 'मुक्तछंद' खोडत होती.

"श्रमगीत," पहिल्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली. "कारण..." आणि तिनं चादरीकडे बोट केलं.

अधिकाऱ्यांनी पेनाचं टोपण काढलं. "रचणाऱ्या बाईंचं नाव?"

बाईंनी आईचं नाव सांगितलं. एकेक अक्षर सुटं करून, लिहून होईपर्यंत थांबत. मग त्या टेबलामागच्या खुर्चीत निवांत बसल्या.

कवी चादर धरून उभेच होते. सोडावी तर ती भुईला लागणार. पाठीवर चाळीस जणांची नजर होती. मानेवर घाम आला होता, आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

"मावशी," ते अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "म्हणा ना पुढची ओळ."

मावशीनं बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली, जरा, उजवीकडून डावीकडे.

मावशीनं आपलं टोक घट्ट धरलं आणि ओठ मिटून घेतले.