गाडी येऊ दे

"बोला काका, इकडे तोंड करून बोला," असं म्हणत पाहुण्या बाईंनी हातातलं छोटं यंत्र टेबलावर ठेवलं. बंद पडलेल्या रेल्वेलाइनच्या आठवणी त्या घरोघर फिरून गोळा करत होत्या.

शिंपीमास्तर खुर्चीत टेकून बसले होते. गेल्या वर्षी झटका आल्यापासून त्यांचा उजवा हात मांडीवर नुसता पडलेला असायचा, जीभ मात्र शाबूत होती. बायकोनं सकाळीच त्यांची दाढी केली होती, सदऱ्याची बटणं लावली होती, चष्मा पुसून नाकावर चढवला होता.

"काय दिवस होते, ताई!" मास्तर म्हणाले. "स्टेशन अगदी भिंतीला लागून. गाडीतून उतरलेलं गिऱ्हाईक थेट माझ्या मशीनपाशी. आता रूळ उचलले, फलाट पाडला, खडी तेवढी उरली. गाडी गेली आणि घराचा जीवच गेला बघा."

मास्तरांची बायको दाराशी उभी राहून ऐकत होती. घराचा जीव! गाडी होती तोवर ती जीव मुठीत धरून जगली होती.

शेजारीणही येऊन बसली होती. बोलावलं नसताना येणं हा तिचा जुना हक्क. "माझंही घ्या हो त्यात," ती म्हणाली. "भिंतीला भिंत आमची. पण मास्तरांचा चढा आवाज उभ्या जन्मात ऐकला नाही. आमचे हे नुसते शिंकले तरी चार घरं जागी व्हायची! या घरातून आवाज यायचा तो फक्त गाडीचा."

मास्तर हसले. "राग गिळायला शिकावं माणसानं."

गिळायचे खरे. जेवण अळणी झालं, बायको गिऱ्हाइकाशी दोन शब्द जास्त बोलली, की मास्तर कात्री हळूच खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "गाडी येऊ दे." बस्स, एवढंच. मग पुन्हा टाके घालत बसायचे. ती भांडी घासत राहायची. फळीवरचे पेले किणकिणू लागले की समजायचं, गाडी जवळ आली. ती आपला चष्मा काढून फळीवर ठेवायची. एकदा तो फुटला होता, आणि शेजारणीला कारण सांगता सांगता तिच्या नाकी नऊ आले होते. मास्तर खिळ्यावरून कापड मोजायचा लाकडी गज काढायचे. शेवटच्या डब्याची खडखड विरली की गज परत खिळ्यावर. बाहेर सामसूम, आतही सामसूम.

मग लाइन बंद झाली. पहिले काही दिवस संध्याकाळ झाली की ती चष्मा हातात घेऊन बसायची. पण मास्तरांनी कापड मोजणं सोडून कशासाठीही गजाला हात लावला नाही. पुढेही कधी नाही. तेव्हा तिला जे कळलं ते माराहून वाईट होतं. आजवर तिला वाटायचं, राग अनावर होतो एखाद्या माणसाला, काय करणार. अनावर कसला? चांगला आवरलेला होता तो.

"काकू, आता तुम्ही सांगा," बाई म्हणाल्या. "तुम्हाला काय आठवतं?"

असं तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. सगळं ओठांशी आलं. मास्तर चष्म्याआडून बघत होते, चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं. सांगावं? पण खरं कोण मानणार? साक्ष तर आत्ताच झाली होती, भिंतीपलीकडच्या माणसाची.

"पेले वाजायचे," ती म्हणाली.

"वा, किती छान!" बाई म्हणाल्या. "थांबा, तुम्हाला एक गंमत ऐकवते. शेवटच्या गाडीचा आवाज कुणीतरी टिपून ठेवला होता, तो मिळालाय."

"ऐकवा, ऐकवा!" मास्तर खुशीत आले. "गाडी येऊ दे!"

आधी दुरून बारीक घरघर आली. मग शिट्टी, मग चाकं. मास्तरांचे डोळे भरून आले. दाराशी उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोचा हात आपोआप वर गेला. तिनं चष्मा काढला, फळीवर ठेवला आणि ती पाठ भिंतीला लावून उभी राहिली.

"बघा, काकूंनाही रडू आलं," बाई म्हणाल्या.

शेजारीण फळीवरच्या चष्म्याकडे बघत राहिली. मग चहा अर्धा टाकून, "दूध ठेवून आलेय गॅसवर," असं पुटपुटत खाली मान घालून निघून गेली.

मास्तरांना काही राहवेना. "ताई, हे आमच्या या गाण्यांच्या डब्यात भरून द्या. रोज ऐकेन."

बाईंनी टेबलावरच्या त्या छोट्या स्पीकरमध्ये गाडी भरून दिली. "हे बघा काकू, इथं दाबायचं. आणि आवाज इथून मोठा."

बाई गेल्या. दिवस कलला होता. तिनं पेले विसळून फळीवर पालथे घातले, खिडकी लावली, दाराला कडी घातली. मग स्पीकर मास्तरांच्या पुढ्यात ठेवून बटण दाबलं आणि आवाज होता तेवढा मोठा केला.

"अगं, आत्ताच तर ऐकली," मास्तर म्हणाले. "आणि केवढा तो आवाज! यात माणूस ओरडला तरी कुणाला ऐकू..."

ते मध्येच थांबले. डावा हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट आवळला गेला. फळीवरचे पेले किणकिणले, की तिलाच तसं वाटलं.

"बंद कर. अगं, ऐकतेस ना? बंद कर ते."

"अहो, येऊ दे की," ती म्हणाली.

ती वाकली. दोन्ही हातांनी, कानाला कुठे ओढ बसू न देता तिनं त्यांचा चष्मा काढला, घडी घातली आणि वर फळीवर नेऊन ठेवला.