आतली कडी

"दाराला आतून कडी आहे का?" तिने खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं.

समोरच्या समुपदेशक बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. पन्नाशीच्या असाव्यात. केस पिकलेले, बाहीला शाईचा डाग. "होती," त्या म्हणाल्या. "ही खोली घेतली तेव्हा सुताराला बोलावून काढून टाकली. भोकं अजून दिसतात बघा."

तिने खरंच जाऊन बघितलं. चार भोकं होती, पुट्टीने बुजवलेली. ती बोटाने चाचपून तिने दाराजवळची खुर्ची घेतली.

ही सातवी जागा. आधीच्या सहांपैकी एकाने हाच प्रश्न ऐकून तोंड वाकडं केलं होतं. दुसऱ्याने 'आधी विश्वास ठेवायला शिका' असा उपदेश सुरू केला, तेव्हा तिने पर्स उचलली. एकीने बोलता बोलता तिच्या हातावर हात ठेवला. मायेनेच ठेवला असेल, पण न विचारता. आणखी दोघांची उत्तरं गुळमुळीत निघाली. मागच्या आठवड्यातली मात्र फोनवर अगदी मनासारखी वाटली होती, पण तिच्या बाहेरच्या खोलीत रेडिओ लावलेला होता. आतलं बोलणं बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून बरेच जण लावतात, त्यात वावगं काही नाही. तरी तो आवाज कानावर पडला आणि ती जिन्यावरूनच मागे फिरली.

धाकटी बहीण फोनवर चेष्टा करायची. "डॉक्टर बघतेयस की जावई? अशी नाकं मुरडलीस तर जन्मभर बघतच बसशील." तीही हसायची. फोन ठेवला की घर पुन्हा गप्प व्हायचं. दोन खोल्या, धुऊन पालथा घातलेला एकच कप. आधीच्या डॉक्टरांकडे हिची सात वर्षं गेली आणि शेवट वाईट झाला, एवढं बहिणीला ठाऊक होतं. पुढचं तिने विचारलं नाही आणि हिनेही सांगितलं नाही.

शेवट म्हणजे काय, तर एका बाईने धीर करून तक्रार केली. चौकशी झाली, डॉक्टरांची पाटी उतरली. हिच्याकडे कोणी आलंच नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं ती स्वतःला समजवायची, पण ते तिचं तिलाच पटत नसे. तेव्हापासून माणसांत बसणं तिने सोडून दिलं होतं. आता एकच काम उरलं होतं, चांगलं माणूस शोधायचं. पुन्हा चुकीच्या माणसासमोर बसावं लागलं, तर त्यानंतर कुठलंच दार उघडायचा धीर उरणार नव्हता. म्हणून इतकी चिकित्सा.

आज ती अर्धा तास आधीच आली होती. बाहेर टेबलामागे बसणाऱ्या मावशी पाणी भरायला उठल्या होत्या. तिने विस्कटलेली मासिकं सवयीने सारखी करून ठेवली. मग टेबलावरचा फोन वाजला. तिचा हात आपोआप पुढे गेला, आणि तिने तो मागे घेऊन पर्सवर घट्ट दाबून धरला.

"बाहेर कोण बसतं?" तिने आता दुसरा प्रश्न विचारला.

"आमच्या मावशी. नऊ वर्षं झाली. त्यांना वाटलं तर त्या कधीही दार ढकलून आत येऊ शकतात. येणाऱ्या प्रत्येकाला मी हे पहिल्या दिवशीच सांगते."

"आणि त्यांनी ढकललंच नाही तर?"

हा प्रश्न बाईंना आजवर कोणी विचारला नसावा.

"एकदा ढकललंय," त्या म्हणाल्या. "आत कोणीतरी फार रडत होतं. मावशी पाण्याचा पेला घेऊन सरळ आत. मला राग आला, मी त्यांना नको ते बोलले. संध्याकाळी शांतपणे विचार केला आणि त्यांची माफी मागितली."

तिला एकदम रडू फुटलं. इतकं सोपं होतं तर. पेला घ्यायचा आणि दार ढकलायचं. त्या सात वर्षांत कोणी एकदाही तेवढं केलं नव्हतं.

बाईंनी कागदी रुमालांचा डबा पुढे सरकवला आणि आपला हात मागे घेतला. घाई केली नाही, समजूतही घातली नाही. तिसरा प्रश्न होता, तुमचं चुकलं तर तुम्हाला कोण सांगतं? बाई दर महिन्याला स्वतःच्या कामाबद्दल एका ज्येष्ठ समुपदेशकांशी बोलत. त्यांचा नंबर बाईंनी लिहून दिला आणि माझ्याबद्दल खुशाल विचारा म्हणाल्या. तिने तो दोनदा वाचला.

"मंगळवारी चार वाजता चालेल?" बाईंनी वही उघडली. "जेवढं सांगावंसं वाटेल तेवढंच सांगायचं. नाव काय लिहू?"

तिने डोळे पुसले आणि पर्समधून घडी घातलेला कागद काढून टेबलावर पसरला. पेन्सिलीने लिहिलेली अकरा नावं होती, प्रत्येकापुढे फोन नंबर.

"यातलं पहिलं लिहा," ती म्हणाली. "मी सगळ्यांना फोन केले. चौघींनी ठेवून दिला. बाकीच्या म्हणाल्या, आधी तुम्ही जाऊन बघा, एवढं तरी करा."

बाईंनी कागदावरून नजर फिरवली. "यातलं तुमचं नाव कुठलं?"

"माझं नाही त्यात. या सगळ्या डॉक्टरांकडे आत जायच्या. मी आत कधी बसलेच नाही, बाहेरच्या टेबलावर असायचे. आतून कडी लागली की रेडिओ मोठा करायचा, असं मला डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. मी करायचे."