स्वतः पाहिले

अकरा वाजून गेले तरी अंगणात निम्मंच गाव होतं. तिरडी बांधून तयार होती, कऱ्हाटीहून छकुलीच्या सासरची माणसंही येऊन बसली होती, आणि छकुली दारात उभी राहून रस्त्याकडे बघत होती. चाळिशी गाठली तरी माहेरचं गाव तिला छकुलीच म्हणे. आज पहाटे तिचे वडील, रामहरीतात्या, गेले होते.

उरलेलं निम्मं गाव ग्रामपंचायतीसमोरच्या पारावर बसलं होतं.

"त्येनला कळलं न्हाय का?" तिनं गोकुळला विचारलं. गोकुळ सरपंचाच्या गटातला; पारावर बसलेले विरोधातल्या सर्जेरावांचे. पहाटे दूध घालायला आला होता, त्यानंच बातमी मोबाइलवर टाकली होती.

"कळलंय ताई. पर सर्जेरावआबांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय, ही अफवा हाय म्हणून. आज ग्रामसभा हाय न्हवं? ती हुकवायला आमीच तात्याला खोटं मारलं म्हणत्यात."

छकुलीला रडायचं सोडून राग आला. पण धरावा तरी कुणावर? गेल्याच महिन्यात या गोकुळच्या गटानं मोबाइलवर तात्यांना आयसीयूत पोचवलं होतं, आणि तात्या त्या वेळी घरी दुधात भाकरी कुस्करून खात बसले होते.

"मला पारावर सोड," ती म्हणाली.

पाराशेजारच्या भिंतीवर तात्यांचा फळा होता. तीस वर्षं त्यांनी तो लिहिला. पाटाला पाणी आलं का, वीज कधी येणार, कोण वारलं. खाली दोनच शब्द, 'स्वतः पाहिले'. पाट म्हटला की चालत जाऊन पाण्यात हात घालून यायचे. मयत म्हटलं की त्या माणसाचे पाय हातात धरून यायचे, मगच खडू उचलायचे. एकदा सर्जेराव गेल्याची आवई उठली. गाव लाकडं गोळा करायला निघालं आणि तात्या मळ्यात जाऊन सर्जेरावांचे पाय धरून बसले. दुपारच्या गाढ झोपेतल्या सर्जेरावांनी अशी लाथ झाडली की तात्या पार उताणे. संध्याकाळी फळ्यावर ओळ आली: 'सर्जेराव जिवंत आहेत. स्वतः पाहिले. लाथ बसली.' सगळं गाव आठवडाभर हसत होतं. तेव्हा गाव सगळं मिळून हसायचं.

फळ्यावर तात्यांची शेवटची ओळ तशीच होती, पाटाच्या पाण्याची. ती छकुलीनं पदरानं पुसली. मग तिनं खडू घेतला आणि लिहिलं, 'रामहरी आज पहाटे वारले.'

पारावर कुजबुज झाली. लखन नावाचा सर्जेरावांचा कार्यकर्ता पुढं आला.

"ताई, रागावू नका. पर तुमी गोकुळच्या गाडीवर आलाय."

"मग?"

"न्हाय, म्हंजी... एखादा फोटो तरी टाका."

"फोटो बी आता बनवत्यात," मागून कुणीतरी म्हणालं.

छकुली वळली. सर्जेराव मधोमध बसले होते, हातात मोबाइल.

"आबा, बापाचं मरान मी खोटं सांगीन व्हय?"

सर्जेरावांनी मान खाली घातली. पुन्हा मोबाइलमध्ये बघितलं. आज सकाळपासून तिला एवढं काही लागलं नव्हतं. पहाटे तात्यांचा श्वास थांबला तेव्हाही नाही.

फळ्यावर ते दोन शब्द लिहायचे राहिले होते. ते तिनं लिहिले नाहीत. पाराजवळ जाऊन तिनं खडू सर्जेरावांच्या हातात ठेवला.

"तुमी या. पाय धरा. मग तुमीच लिव्हा. तवर मी तात्याला उचलू देत न्हाय."

सर्जेराव उठले. त्यांच्यामागं लखन आणि चारदोन जण निघाले, पण ते अंगणाच्या तोंडाशीच थबकले. आत बसलेल्यांनी सर्जेरावांना वाट करून दिली.

सर्जेराव तात्यांच्या पायाशी बसले. दोन्ही पावलं त्यांनी हातात घेतली आणि धरून राहिले. आता उठतील, मग उठतील, असं सगळ्यांना वाटत होतं. ते उठेनात.

"हाण की, तात्या," ते हळूच म्हणाले. "तुजी एक राहिलीय माज्याकडं."

त्यांना हे बोलताना छकुलीनं ऐकलं आणि पहाटेपासून अडलेलं रडू एकदम फुटलं. सर्जेरावांनी पावलं अलगद खाली ठेवली. मग टोपीनं डोळे पुसले आणि एकटेच पाराकडे चालत गेले. लखननं चपला काढल्या आणि तो अंगणात आला.

तासाभरानं तिरडी पारासमोरून गेली तेव्हा पार रिकामा होता. छकुलीनं जाता जाता फळ्याकडे पाहिलं. तिच्या ओळीखाली सर्जेरावांच्या अक्षरात लिहिलं होतं:

'स्वतः पाहिले. लाथ बसली नाही.'