वकिलाचा डावा डोळा

"काढायचा नाही," फोटोवाले म्हणाले आणि त्यांनी तपासणीच्या टेबलावरच्या कुत्र्याला स्वतःकडे ओढून घेतलं.

कुत्र्याचं नाव वकील. दारावर आलेल्या प्रत्येकाची उलटतपासणी घेतल्याशिवाय तो कोणाला आत सोडत नसे, म्हणून. आज मात्र केस हरलेल्या अशिलासारखा गप्प बसला होता. डावा डोळा सुजून बाहेर आला होता आणि त्यावर निळसर साय धरली होती.

डॉक्टरीणबाईंनी या तिसऱ्या खेपेलाही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. काचबिंदू आहे. दाब इतका वाढला की या डोळ्याची नजर केव्हाच गेली, आता उरलंय ते नुसतं दुखणं. औषधं करून झाली. डोळा काढला की दुखणं संपलं.

"नजर गेली तर गेली. डोळा तर आहे ना जागेवर?" फोटोवाले म्हणाले. "आयुष्यभर स्टुडिओत लोकांचे चेहरे टिपत आलोय मी. चेहऱ्याला तोल असतो, बाई. एक बाजू शिवून टाकलेली कशी दिसेल?"

"तो आरशात बघतो का कधी?"

"लोक बघतात."

मागे उभी असलेली त्यांची बायको पुढे झाली. "डॉक्टर, ते दुखण्याचं परत सांगा ना यांना. नीट सांगा."

बाहेर पिंजऱ्यातलं एक मांजर केव्हाचं बोंबलत होतं आणि त्याची मालकीण दारातून डोकावून गेली होती. डॉक्टरीणबाईंनी राग गिळला. "फार दुखतं. डोकं फुटेल असं दुखतं. जनावर बोलत नाही, एवढंच. हा भिंतीला डोकं टेकून उभा राहतो का?"

"राहतो," बायको म्हणाली.

"भिंत गार असते," फोटोवाले म्हणाले. "तेवढंच बरं वाटतं."

हा माणूस सरळ बोलण्याला फाटे फोडतोय, असं डॉक्टरीणबाईंना वाटलं. दवाखान्यातसुद्धा रंगीत काचांचा चष्मा न उतरवणाऱ्या माणसाकडून दुसरं काय व्हायचं? सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात.

पण त्यांचा स्वतःचाच एक नियम आडवा येत होता. घरातल्या ज्या माणसाचा जनावरावर सगळ्यात जास्त जीव, त्याने स्वतःच्या तोंडाने हो म्हटल्याशिवाय त्या डोळा काढत नसत. सही काय, कोणीही करतं. मग तोच जीव लावणारा माणूस त्या शिवलेल्या तोंडाकडे बघायचं टाळतो आणि मुकं जनावर झुरत राहतं. त्यांनी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. या नियमापायी गिऱ्हाइकं दुसरीकडे जात. जाईनात का, असं त्या म्हणत.

आज मात्र त्यांचा धीर सुटला. वकिलाचं कण्हणं ऐकवत नव्हतं. त्या बायकोकडे वळल्या. "तुम्हीच हो म्हणा. या खेपेला माझा नियम राहू दे बाजूला."

"नको," बायको घाईने म्हणाली. "नियम तो नियम. हे म्हणतील तेव्हाच."

नवऱ्याला इतकं भ्यायचं? डॉक्टरीणबाईंना तिचाही राग आला.

फोटोवाल्यांचे प्रश्न संपत नव्हते. "गुंगी उतरल्यावर पहिल्यांदा काय वाटतं?"

"भूक लागते."

"आणि अंदाज चुकत नाही? पायऱ्या, उंबरे?"

"हा केव्हापासून एकाच डोळ्यावर चालतोय. घरात कोणाला पत्ता तरी लागला का?"

वकिलाने आपलं डोकं फोटोवाल्यांच्या पोटाशी दाबून धरलं आणि तो बारीक आवाजात कण्हायला लागला. ते त्याच्या कानामागे हात फिरवत राहिले. बायको नवऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

"काढा," ते म्हणाले.

आवाज इतका खोल गेला होता, की डॉक्टरीणबाईंनी त्यांना पुन्हा म्हणायला लावलं. त्यांनी म्हटलं.

ऑपरेशन सुरळीत झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी वकिलाने भांडं चाटूनपुसून साफ केलं आणि कंपाउंडरची उलटतपासणी सुरू केली. डॉक्टरीणबाईंना हायसं वाटलं.

टाके काढायच्या दिवशी तो मालकाला ओढतच आत आला. वाटेत एका पोपटवाल्याला त्याने असं काही फैलावर घेतलं, की पोपटसुद्धा गप्प झाला.

"रात्री घोरतो हो हा," फोटोवाले म्हणाले. "चक्क घोरतो. इतका गाढ झोपलेला मी त्याला वर्षभरात पाहिला नव्हता." आणि ते हसले. हा माणूस हसतो हे डॉक्टरीणबाईंना आजच कळलं.

टाके निघाल्यावर ते वकिलासमोर उकिडवे बसले. मिटलेल्या जागेवर बारीक केस उगवायला लागले होते. "काल फोटो काढला याचा. अगदी समोरून."

"कसा आला?"

"वकीलच आला," ते म्हणाले. मग खिशातून फोन काढत कुत्र्याला घेऊन बाहेर गेले.

त्यांची बायको मागे राहिली. ती पदराने डोळे टिपत होती. डॉक्टरीणबाईंना राहवलं नाही. "त्या दिवशी तुम्ही हो म्हणाला असतात, तर बिचारा आधीच सुटला असता."

"त्याच दिवशी सुटला की."

"त्याआधी दोनदा रिकाम्या हाताने परत गेला होतात."

"हो. त्याबद्दल मी त्याची रोज माफी मागते." "आमच्या घराजवळ दोन दवाखाने आहेत, डॉक्टर. दोन्हीकडचे डॉक्टर माझ्या सहीवर करायला तयार होते. तुमचा नियम ऐकला, म्हणून मुद्दाम इतक्या लांब आले."

"माझ्या नियमाला लोक कंटाळतात. तुम्हाला त्याचं काय एवढं?"

"मला यांच्या तोंडून हो ऐकायचं होतं. एकदा तरी."

दार ढकलून फोटोवाले आत आले. फोन अजून हातातच होता.

"लागला फोन," ते बायकोला म्हणाले. "आपल्या डोळ्यांच्या डॉक्टरांना हो सांगितलं. सोमवारी माझाही डोळा काढतायत."