पंपामागचं ऑफिस

फ्रान्सची हद्द संपून लक्झेंबर्ग सुरू झालं की पहिला लागतो तो पेट्रोल पंप. फ्रान्समध्ये राहून लक्झेंबर्गमध्ये नोकरी करणारी सोलेन रोज सकाळी त्याच्या मागे गाडी लावते आणि मांडीवर लॅपटॉप घेऊन काम सुरू करते. पुढे शहरातल्या ऑफिसपर्यंत गाड्यांची रांग हलत नाही, आणि घरून काम करायला मिळणारे यंदाचे ठरावीक दिवस संपले आहेत. आता घरी बसून काम केलं, तर पगाराला फ्रान्सचाही कर.

"घरात टेबल आहे, हीटर आहे, आणि तू गाडीत बसतेस," नवरा म्हणाला होता.

"गाडी ऑफिसच्या देशात उभी असते ना."

आज मीटिंगमध्ये शिल्त्झसाहेब तापले होते. स्क्रीनवर कोट-टाय, मागचं सगळं धूसर केलेलं. "ऑफिसला यायचा कंटाळा असेल त्यांनी दुसरी नोकरी बघावी. मीही फ्रान्समधूनच येतो. तरी सातच्या ठोक्याला टेबलाशी असतो की नाही?"

सोलेनने मुकाट्याने मान डोलावली. तेवढ्यात पंपावरच्या टँकरने लांबलचक हॉर्न दिला. तो खिडकीतून ऐकू आला, तसाच हेडफोनमधूनही आला. तिचा माइक तर बंद होता. बोलत होते फक्त साहेब.

तिने वळून पाहिलं. दोन गाड्या सोडून एक टायवाला मांडीवर लॅपटॉप घेऊन तिच्याकडेच बघत होता.

मीटिंग घाईघाईने संपली. काचेवर टकटक झाली.

"माझ्या ऑफिसचा हीटर बंद पडलाय," साहेब हात चोळत म्हणाले. "जरा तुमच्या ऑफिसात बसू का?"